बारा व्होल्टची रांग

मुलगी आर्किटेक्चरला आहे. कॉलेजचं काम ब्लेंडर आणि ट्विनमोशन या थ्रीडी सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे घरी ग्राफिक कार्ड असलेला कंप्युटर हवा होता. जवळ पंचेचाळीस हजार होते. मी सगळा विचार कार्डाचाच केला.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि तोवर रात्रंदिवस राबलेली कार्डं जुन्या बाजारात उतरली. नागपूरच्या सीताबर्डीत मला आठ जीबीचं आरएक्स ५८० मिळालं. नव्या, चार जीबीच्या जीटीएक्स १६५० पेक्षा स्वस्त आणि मेमरी दुप्पट. या दोनच गोष्टी बघून मी पैसे मोजले. विजेचा आकडा पाहिलाच नाही. १६५० ला ७५ वॅट लागतात, तेवढे मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळतात. ५८० ला १८५ वॅट लागतात आणि आठ पिनांची वेगळी वायर.

एसएमपीएस, म्हणजे कंप्युटरला वीज देणारा सप्लाय, तर मी निवडलाच नव्हता. तो कॅबिनेटसोबत आला होता, वर ठळक '४५० वॅट' लिहिलेलं. त्याला आठ पिनांची वायर नव्हती, म्हणून दुकानदाराने हार्डडिस्कच्या वायरवरून जोड काढून दिला. बनवणाऱ्याने ती वायरच दिली नाही, याचा अर्थ असलं कार्ड त्याच्यावर चालवायचं नाही, हे मला तेव्हा समजायला हवं होतं.

हिवाळा निभावला. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला आणि ट्विनमोशनमध्ये मॉडेल फिरवलं की स्क्रीन काळी व्हायला लागली. "बाबा, हा पुन्हा बंद होऊन राहिला," मुलगी हाक मारायची. मी उन्हाला दोष दिला, मग घरच्या व्होल्टेजला. स्टॅबिलायझर आणला, विंडोज पुन्हा टाकलं. तिने फाइल नीट सेव्ह केली नसेल, असंही एकदा तिला रागावून बोललो. ते आजही लागतं, कारण ती बिचारी दर पाच मिनिटांनी सेव्ह करत होती. सबमिशनच्या आदल्या रात्री जळका वास आला आणि कंप्युटर कायमचा थांबला.

दुरुस्तीवाल्या भाऊंनी एसएमपीएस बाहेर काढून त्याचं लेबल माझ्यासमोर धरलं. १२ व्होल्टच्या रांगेत १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड, दोघांचीही मुख्य वीज याच रांगेतून जाते. एकट्या कार्डाला १८५, वर रायझन ५ ३६०० चे ६५. बाकीचे वॅट लेबलवर ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगांत दाखवले होते, जिथे आजच्या कंप्युटरला फारसं काही लागत नाही. खऱ्या ४५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टपुढे ३६-३७ अँपिअर लिहिलेले असतात. जोडाचं प्लास्टिक वितळलं होतं. मदरबोर्डही गेला. एसएमपीएसमध्ये वाचवलेल्या दीड-दोन हजारांपेक्षा तो कितीतरी महाग पडला.

कार्ड वाचलं, पण तेही चुकीचंच होतं. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या ब्लेंडर ३.० पासून सायकल्स या रेंडर इंजिनात ५८० चालतच नाही, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. मुलीचं मुख्य काम त्याच इंजिनावर. जीटीएक्स १६५० तिथे चालतं. कोणतं सॉफ्टवेअर वापरतेस, एवढं मी तिला विचारलं होतं. ते कोणत्या कार्डावर चालतं, हे बघायचं राहिलं.

आता घरात १६५० आहे आणि एसएमपीएस वेगळा घेतलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा. '८० प्लस' या शिक्क्यावर मात्र सगळा भरवसा टाकू नका. तो वीज किती वाया जाते ते सांगतो, संरक्षण किती आहे ते नाही. क्षमता किती तापमानाला मोजली आहे, तेही बघा. चांगल्या कंपन्या ४० किंवा ५० अंशांचा आकडा देतात, आणि नागपुरात मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये त्याच आकड्याला अर्थ आहे. यूपीएसवरचा मोठा आकडाही असाच फसवतो. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो.

कार्ड आणि चांगला एसएमपीएस, दोन्हींपुरते पैसे नसतील तर ग्राफिक्स आत असलेला प्रोसेसर घ्या, रायझन ५ ५६००जी सारखा, आणि सोबत चांगला एसएमपीएस. कार्ड पुढच्या वर्षी बसवता येतं. दुकानात कॅबिनेटसोबत फुकट एसएमपीएस देऊ लागले, तर खोका उलटा करून १२ व्होल्टची रांग वाचा आणि मगच पैसे द्या.