पळत्या चित्राची धार
जुना मॉनिटर बंद पडल्यापासून दुकानात मी एकच गोष्ट बघतोय: सरकत्या चित्रातली अक्षरं वाचता येतात का. खोक्यावर छापलेल्या ‘१ मिलिसेकंद’ प्रतिसाद-वेळेवर माझा भरवसा नाही. ६० हर्ट्झला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद जागच्या जागी थांबते, डोळा मात्र पुढे गेलेला असतो. म्हणून कडा फरफटतात. २४० हर्ट्झला हेच ४.२ वर येतं. व्हीए प्रकारच्या एलसीडी पॅनेलवर गेममध्ये अंधाऱ्या गल्लीतून धावलं की मागे काळी शेपटी उरते, ती मला अजिबात खपत नाही. ओएलईडीवर ती दिसलीच नाही. स्थिर चित्राचा डाग कायमचा बसण्याची धास्ती आहे, किंमतही चढी. तरी रेसिंगमध्ये वळणावरचा फलक लख्ख वाचता आला आणि मन तिकडेच झुकलं. आता ग्राफिक्स कार्ड तेवढ्या फ्रेम देतं का, ते आधी बघतो.