वाफेला आधार लागतो

कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून ओंजळभर पाणी खाली टाकलं, की ते खाली जातच नाही. तुषार होऊन तोंडावर परत येतं. हरिश्चंद्रगडावर गेलेला जो तो हा खेळ करतो. मला मात्र तिथे वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवलं. खाली दरी स्वच्छ होती. कड्याच्या मध्यावर, काहीच नव्हतं तिथे, एक पांढरा धागा उमटला, चढता चढता जाड झाला आणि काठ ओलांडून पठारावर विरला. येणारे-जाणारे ढग आपण रोज बघतो. हा समोर जन्मला.

दमट वारा कड्याला थडकून वर चढतो. वर दाब कमी, म्हणून हवा फुगते आणि फुगता फुगता गार होते, दर १०० मीटरला साधारण एक अंश. एका उंचीला वाफ धीर सोडते, तिचे थेंब होतात. लडाखकडे डोंगरमाथ्यावर बशीसारखा ढग तासन्‌तास हलत नाही, त्याचंही मूळ हेच. वारा त्याच्यातून वाहत असतो. एका काठाला थेंब होतात, दुसऱ्या काठाला विरतात. टिकून राहते ती फक्त जागा.

ढगांत हत्ती-घोडे शोधणं मला आवडत नाही. हत्ती सापडला की बघणं संपतं.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावरच, खालच्या धुक्यात, आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं पाहिलं. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापलेल्या त्याच्या दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात ते आहे. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो. सूर्य पाठीशी लागतो आणि ज्याचं त्याला आपलंच कडं दिसतं, शेजाऱ्याचं नाही.

स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखरावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेधशाळा होती. सप्टेंबर १८९४ मध्ये तिथे बदली निरीक्षक म्हणून गेलेल्या सी. टी. आर. विल्सन या तरुणाने हीच कडी पाहिली आणि त्याला ती खोलीत करून बघायची ओढ लागली. केंब्रिजला परतून त्याने काचेच्या भांड्यात ओली हवा कोंडली आणि झटक्यात फुगू दिली. कडा करतो तेच. आत ढग झाला. थेंब धरायला धुळीचा कण लागतो, हे जॉन एटकिनने आधी दाखवलं होतं. विल्सनने पुन्हा पुन्हा ढग करून, तो खाली बसू देऊन सगळी धूळ काढून टाकली. तरीही हवा आणखी फुगवल्यावर थेंब आलेच! विद्युतभारित कणांना धरून आले होते. १९११ साली त्याने त्या भांड्यातून धावणाऱ्या अल्फा कणांच्या वाटांचे फोटो काढले: थेंबांच्या बारीक, सरळ रेघा. कण दिसत नव्हता, त्याच्या वाटेवरचा ढग दिसत होता. १९२७ साली त्याला नोबेल मिळालं, आणि १९३२ मध्ये अशाच भांड्यात अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञाला पॉझिट्रॉन हा कण सापडला. हे सगळं एका माणसाला धुक्यातली कडी आवडली म्हणून.

सह्याद्रीवरच्या ढगाला आधाराला अरबी समुद्राच्या फेसातून उडालेलं मीठ असतं, धूळ असते, चुलींचा धूर असतो. नुसत्या वाफेला उभं राहता येत नाही.

शाळेत मुलांकडून ढगांची नावं पाठ करून घेतात. त्याआधी त्यांना एक ढग करून दाखवा. प्लास्टिकच्या बाटलीत थोडं कोमट पाणी घ्या, नुकत्याच विझवलेल्या काडीचा धूर आत सोडा, झाकण लावा, बाटली जोरात दाबा आणि सोडा. मग धुराशिवाय करून बघा: ढग जवळजवळ दिसतच नाही.