दाराच्या चौकटीवरच्या रेघा

माझी ताई मुलुंड पूर्वेला राहते. तिचा मुलगा सहा वर्षांचा, शाळेच्या रांगेत कायम पहिला. यावरून घरात दोन पक्ष. आजी म्हणायची, "अगं, मामावर गेलाय, दहावीनंतर ताडमाड वाढेल बघ." ताईला मात्र ते पटत नव्हतं. गेल्या वर्षी ती त्याला बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली तेव्हा मीही सोबत गेलो. तिथे कळलेलं आमच्या आयटीवाल्यांना लगेच पटेल, म्हणून हा पोस्ट.

उंची भरली १०९ सेंमी. डॉक्टरांनी तक्त्यावर ठिपका मांडला. (पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे तक्ते, पुढे १८ पर्यंत इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५चे.) ठिपका चक्क रेघांच्या आत! आई-बाबांच्या उंचीची बेरीज, मुलगा म्हणून त्यात १३ मिळवा (मुलगी असेल तर वजा करा) आणि भागिले दोन. हे अपेक्षित उत्तरही १७० आलं, म्हणजे उत्तमच. आजी जिंकली की!

पण डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या वर्षीची नोंद आहे का?" ताईच्या फाईलमध्ये होती: १०६. म्हणजे बारा महिन्यांत जेमतेम ३ सेंमी. या वयात वर्षाला ५ ते ७ वाढायला हवीत. एका दिवसाची उंची म्हणजे नुसता स्क्रीनशॉट हो, बग सापडतो तो लॉगमध्ये!

त्यातून वजन मात्र नीट वाढत होतं. खाणं कमी पडलं तर आधी वजन अडतं. उंची थांबून वजन चालू राहिलं, तर संशय हार्मोन्सवर. डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय चारच वर्षांचं निघालं, रक्तात टीएसएच वाढलेलं. थायरॉईड! आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पहिल्या सहा महिन्यांतच पठ्ठ्या ५ सेंमी वाढला.

उलटंही होतं बरं का. मुलगी आठच्या आत किंवा मुलगा नऊच्या आत वयात येऊ लागला, तर तो वर्गात सगळ्यांत उंच दिसतो, घरचे खूश होतात. पण हाडं लवकर मिटतात आणि शेवटी उंची कमीच राहते.

असो. वर्षातून दोनदा मुलांची उंची घ्या. बूट काढून, टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पाटीसारखं काहीतरी सपाट धरून. संध्याकाळी उंची थोडी कमी भरते, म्हणून वेळ तीच ठेवा. दोन वर्षांच्या आतलं बाळ झोपवून मोजतात, ते डॉक्टरांवर सोडा. चौकटीवर रेघ मारलीत तर शेजारी तारीखही लिहा. हाडांच्या टोकांशी वाढीची जागा असते, ती एकदा बंद झाली की कुठलंच औषध उंची वाढवत नाही. तारखा असतील, तर निदान वेळेत कळतं तरी.