धाकटी टाकी

हिवरखेडला आमची एक जीप आहे. मोर्शी तालुक्यातले, संत्र्यांच्या पट्ट्यातले हे हिवरखेड. अकोला जिल्ह्यात तेल्हाऱ्याकडे याच नावाचे गाव आहे, ते निराळे. जीप 1967 सालची, विलिजच्या परवान्यावर महिंद्रांनी बांधलेली सीजे-3बी. अमेरिकेत हे मॉडेल 1968 साली बंद पडले. आपल्याकडे ते पुढेही कित्येक वर्षे निघत राहिले. त्यामुळे तिला जुनी म्हणावे तर तिच्या धाकट्या बहिणी अजून बागांतून हिंडताना दिसतात.

या जीपची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली असते. बसणारा अक्षरशः पेट्रोलवर बसतो. आमच्या टाकीचा तळ इतक्या वेळा डागला होता की मूळ पत्रा किती आणि कथील किती हे सांगणे कठीण झाले होते. गळती दिसली की आम्ही अंगाचा साबण घासून ती बुजवत असू. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, हे रसायनशास्त्र आम्हांला वर्गात नव्हे, गॅरेजात कळले. पण अलीकडे पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते, ते पाणी तळाशी बसते आणि गंज आतून खातो. एका पावसाळ्यात साबण हरला.

जुन्या घडणीची टाकी मिळेना. भंगारातून एक मिळाली, ती नव्वदीच्या दशकातल्या डिझेल जीपची. आमच्या जीपपेक्षा पंचवीसएक वर्षांनी धाकटी. पत्रा ठणठणीत, पण लांबीला चार बोटे जास्त, आणि तिला दोन नळ्या जादा. एक परतीची: डिझेल एंजिनाकडून उरलेले तेल तिच्यातून टाकीत परत येते. दुसरी टाकीत हवा घेणारी.

प्रश्न चार बोटांचा होता. आमचे म्हणणे, टाकीचे कान कापावेत, सीटखालच्या मूळ पत्र्याला हात लावू नये. मिस्त्रींनी काही न बोलता डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापर्यंत कातडी आवळलेली, गुळगुळीत. उमेदवारीच्या काळात त्यांनी एक ‘रिकामी’ टाकी डागायला घेतली होती. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. “धुतली होती नं भाऊ, दोनदा धुतली होती,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर आम्ही मूळ पत्रा कापू दिला. टाकीला कुठेही आच लागली नाही; खाली रबर घालून लोखंडी पट्ट्यांनी ती आवळली.

पत्रा कापला जाताना मात्र आम्ही बाहेर जाऊन उभे राहिलो. आमच्यातला मास्तर अशा वेळी आधार शोधतो. याच तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभाव परंपरा सांगते की म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि मागच्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली; म्हणून तर पाठभेदांचे एवढे जंगल. वि. भि. कोलते यांनी 1978 साली संपादित आवृत्ती काढली, तरी वाद मिटले नाहीत. मग एका जीपच्या संहितेत चार बोटांचा प्रक्षेप झाला तर काय बिघडले? उपमा आम्हांला फार आवडली. मिस्त्रींना ऐकवली. त्यांनी कानस खाली ठेवून विचारले, “पोथीले आग लागते काय?” आग पोथीलाही लागते, असे उत्तर आमच्या तोंडावर आले होते, त्या हाताकडे पाहून गिळले.

परतीची नळी बुजवणे योग्यच होते. आमच्या एंजिनावरचा पडद्याचा साधा पंप काही परत पाठवत नाही. पण सीटखाली वास येतो म्हणून आम्ही आपल्या अकलेने दुसरी नळीही बुजवली, आणि झाकणाला नवा घट्ट वायसर घातला. मिस्त्रींना विचारले नाही. रिद्धपूरच्या वाटेवर काही मैल गेल्यावर जीप आचके देत थांबली. पाच मिनिटांनी सुरू झाली, पुन्हा थांबली. पेट्रोल भरपूर होते. कॉर्ब्युरेटर उघडला, गाळणी पाहिली. तीत जुन्या डिझेलचा चिकट काळा गाळ होता, तो पेट्रोलने धुऊन आणलेला. दोष तिथेच असे ठरवून आम्ही तासभर उन्हात घालवला. शेवटी फोन केला. ते म्हणाले, “झाकन खोला अन् आयका.” उघडताच टाकीने आवाज करून हवा आत घेतली. पंप ओढत होता, पेट्रोल उतरत होते, त्या जागी हवा जायला वाट नव्हती. “सास घ्याले जागा तं ठेवा, राजेहो.” आता त्या नळीला रबरी नळी जोडून ती सीटमागून वर नेऊन बाहेर काढली आहे. वास गेला.

काटा तेवढा जुळला नाही. नव्या टाकीतल्या तरंगत्याचा विद्युत्‌रोध आणि जुन्या घड्याळाचा हिशेब उलटे निघाले: टाकी भरली की काटा तळाशी, रिती होत आली की वर. जुना तरंगता नव्या भोकात बसत नाही, आणि घड्याळ बदलायला आमचे मन घेत नाही. एक वस्तू तरी 1967 ची राहू द्यावी. तेव्हा बांबूची एक कामटी तासली, टाकीत पाच-पाच लिटर ओतत गेलो आणि दर वेळी ओल जिथवर चढली तिथे चाकूने खूण केली. खुणा सारख्या अंतरावर नाहीत; टाकी खाली निमुळती असल्याने पहिल्या दोन दूर दूर, पुढच्या जवळ जवळ. कामटी सीटमागे असते. निघण्यापूर्वी बुडवून पाहतो, आणि ती वाळेपर्यंत थांबूनच किल्ली फिरवतो.