वडगावचा सातचा भोंगा

कामानिमित्त कधी सांगली जिल्ह्यात गेलात, तर कराड-विटा रस्त्यावर कडेगावला उतरा आणि तेथून दक्षिणेला मोहित्यांचे वडगाव गाठा. एकेकाळचा हा दुष्काळी मुलूख. ताकारी योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आणले आणि येथे उसाचे फड उभे राहिले. जवळच देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव आणि उजाड डोंगरावर माणसांच्या कष्टाने उभे राहिलेले सागरेश्वर अभयारण्य आहे. ती दोन्ही ठिकाणे पाहाच. पण वडगावला जायचे ते देवळावरच्या भोंग्याची गोष्ट समजून घेण्यासाठी.

गाव सुमारे तीन हजार वस्तीचे. बहुतेक शेतकरी, काही साखर कारखान्यातले कामगार. करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी पोरांच्या हाती मोबाईल आला. शाळा पुन्हा भरल्या, तरी तो हातातून सुटेना. मोठ्यांचेही तेच. कोणी टीव्हीवरच्या मालिकेत, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर. एका घरात चार माणसे, पण बोलणे नाही. तुमच्या घरी याहून वेगळे आहे का?

ग्रामपंचायतीने आधी गावातल्या बायकांशी बोलणे केले. पुरुष मंडळी हसली. बायका मात्र म्हणाल्या, आमचेही टीव्ही पाहणे फार झाले आहे. बंद करायचे तर साऱ्या गावाने करावे. मग 14 ऑगस्ट 2022 रोजी सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावसभेत निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू झाला. सायंकाळी 7 वाजता भोंगा वाजला, की टीव्ही आणि मोबाईल बंद; 8.30 ला दुसरा भोंगा होईपर्यंत. मुलांनी अभ्यास करावा, थोरांनी वाचावे, बोलावे. सुरुवातीला कर्मचारी आणि गावकरी यांना घरोघर फिरून लोकांना विनवावे लागले.

याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल बंदीचा ठराव केला. दोन्ही गावांची काळजी एकच. पण वडगावचा नियम बापालाही लागू आहे, आणि त्याचे मोल मला यातच वाटते. बाप अंथरुणावर पडून फोन चाळत असेल, तर पोराला रागावण्याचा त्याला अधिकार उरत नाही.

पाणीपाळीचे पाहा ना. जो तो आपल्या मर्जीने दारे उघडू लागला, तर शेवटच्या शेताला पाणी पोहोचत नाही. पाळी ठरली आणि सर्वांनी मानली, तरच चारी नीट चालते. मोबाईलचेही तसेच आहे. एकट्याने ठेवून दिला, तर त्याला चुकल्यासारखे वाटते. साऱ्या गावाने ठेवला, म्हणजे कोणाचे काही चुकतच नाही.

तुम्ही म्हणाल, साहेब, बाजारभाव, हवामानाचा अंदाज, औषधाचा सल्ला, सगळे मोबाईलवरच येते. खरे आहे, आम्ही शेतीखात्याची माणसेही तो मोबाईलवरच धाडतो. पण सातच्या आत तो पाहून घेता येतो. रात्री कृषिपंपाची वीज असेल किंवा घरात आजारी माणूस असेल, तर फोन जवळ राहू द्या. तातडीचा फोन जरूर घ्या. दीड तास टाळायची आहे ती नुसती चाळवाचाळव.

तुमच्या गावात भोंगा नसेल. मग धारा काढून, दूध डेअरीला घालून झाले, की घरातले सगळे फोन एका फळीवर ठेवा, आणि पहिला फोन घरातल्या कर्त्या माणसाचा असू द्या. आठवडाभर जमले, की शेजारच्या दोन घरांना सांगा. तीन घरांनी मानले, तर पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला तुम्हाला संकोच वाटणार नाही.