साठ दिवसांचा उंबरठा

कोसाड-अमरोली पट्ट्यात सकाळ सगळ्यांची एकदम होत नाही. लूमवर रात्रपाळीचे बारा तास उभा राहिलेला कारीगर जिना चढत असतो, त्याच वेळी हिरे घासायच्या चाकावर, घंटीवर, बसायला निघालेला रत्नकलाकार मान चोळत उतरत असतो. घराघरांत बायका मांडीवर साडी पसरून खडे चिकटवतात, धागे कापतात. सुरतेच्या या उत्तर टोकाला महापालिकेने झोपडपट्टीतून हलवलेल्या कुटुंबांसाठी आवास वसाहत बांधली. इथे माना, खांदे, कंबरा दुखायला वयाची वाट पाहावी लागत नाही. आणि दुखणं सांगायला भाषाही एक नसते: अहिराणी, काठियावाडी, ओडिया, हिंदी.

इथे फिजिओथेरपिस्ट हवीच. साडेचार वर्षांचं शिक्षण, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, एवढं करून मुलांच्या संगोपनात किंवा सासऱ्यांच्या आजारपणात घरी थांबलेल्या कितीतरी जणी अशा शहरांत असतात. आठ-दहा वर्षांनी त्यांतली एखादी कामावर परतायचं ठरवते, तेव्हा तिला पहिली धास्ती असते हाताची. सांधा नेमका कुठे अडतो, स्नायू कुठे ताठ आहे, हे बोटांना अजून कळेल का?

हाताची काळजी तिने फार करू नये. थोड्या सरावाने तो बसतो. खरं अंतर पडलेलं असतं ते उपचारांत.

मुरगळलेल्या पायाला विश्रांती आणि बर्फ, हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 साली रूढ केलं. बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं, असं पुढे त्यांनीच लिहिलं. पक्षाघाताच्या रुग्णाला जितकं लवकर आणि जितकं जास्त उठवावं तितकं चांगलं, हा समजही डळमळला. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अ‍ॅव्हर्ट चाचणीत 2,104 रुग्ण होते. पहिल्या चोवीस तासांत उठवून वारंवार हालचाल करवलेल्यांपैकी 46 टक्के तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत हे प्रमाण 50 टक्के होतं. 2018 मध्ये त्याच नियतकालिकाच्या कंबरदुखीवरील लेखमालेने अंथरूण धरून पडण्याविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला: हिंडतं-फिरतं राहा, कामात राहा.

हा शेवटचा बदल कोसाडसाठी फार मोलाचा आहे. ‘आठ दिवस पडून राहा’ हा सल्ला लूमच्या कारीगराला कधी परवडलाच नव्हता; खाडा झाला की पगार गेला. आता शास्त्रच त्याला चालतं राहायला सांगतं. पण म्हणून बारा तास त्याच यंत्रापुढे उभं राहणं हा काही व्यायाम नव्हे. भार या पायावरून त्या पायावर कसा न्यायचा, पाळीच्या मध्ये कंबर केव्हा मोकळी करायची, हे त्याच्या खात्यातलं काम पाहून सांगणारं माणूस लागतं. तो दारात येऊन शेक मागतो, करंट मागतो. मशीन लावून देणं सोपं. त्याला व्यायामावर विश्वास बसेपर्यंत समजावणं हे कष्टाचं काम, आणि घर चालवून आलेली बाई ते नवशिक्यापेक्षा अधिक धीराने करू शकते. ही तिची खरी कमाई आहे. मुलाखतीत मात्र त्या वर्षांना ‘गॅप’ म्हणतात, याचं वाईट वाटतं.

ब्रिटनमध्ये या परतीला नियम आहे. दोन ते पाच वर्षं कामापासून दूर राहिलेल्याने पुन्हा नोंदणीसाठी 30 दिवस ज्ञान अद्ययावत करायचं, त्याहून जास्त काळ लोटला असेल तर 60 दिवस. देखरेखीखालचं काम, वर्गातलं शिक्षण, स्वतःचं वाचन हे सगळं त्यात धरलं जातं. भारतात 2021 चा सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीचा कायदा आला, राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली. आता असे साठ दिवस सुरतेच्या नव्या सिव्हिल रुग्णालयात, स्मीमेर रुग्णालयात मिळायला हवेत. पहिले काही दिवस नुसतं पाहायचं. मग अर्धा दिवस स्वतःचे रुग्ण, बाजूला अनुभवी सहकारी. पक्षाघाताचा वॉर्ड, अतिदक्षता विभाग, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचं चालणं हे सगळं एकदा हाताखालून जावं. आणि या काळाचं विद्यावेतन मिळावं, कारण कोसाडहून रोज जायचं म्हणजे बसभाडं आलं, आणि घरी मूल सांभाळणाऱ्या बाईचा पगारही आला.