पशुवैद्यकाची झोप

चि. बाळास,

पशुवैद्यकाची पुरेशी झोप हा जनावरांवरच्या उपचाराचाच एक भाग आहे. प्रौढ माणसाला रोज किमान 7 तास झोप लागते. ती साधारण 90 मिनिटांच्या आवर्तनांनी पुढे सरकते. सुरुवातीला गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची. मध्यरात्री फोन वाजला की हा क्रम मोडतो. मग दुपारी दोन तास आणि संध्याकाळी एक तास अशी बेरीज पूर्ण झाली, तरी अखंड झोपेची भरपाई होत नाही.

धाराशिव जिल्ह्यात हा क्रम मोडण्याची कारणे ठरलेली आहेत. भूम, वाशी, परंडा हा खव्याचा पट्टा, म्हणजे दुधाचा आणि संकरित गाईंचा. जास्त दूध देणारी गाय व्याल्यानंतर रक्तातले कॅल्शियम उतरून बसकण मारते. अडलेली गाय तर सकाळपर्यंत थांबूच शकत नाही. उस्मानाबादी शेळीला जुळी करडे होणे नित्याचे, त्यामुळे विण्याच्या दिवसांत तिचेही बोलावणे येते. लंपी त्वचारोगाच्या साथीत, 2022 साली, दिवसभर गोठोगोठी लसीकरण आणि त्यावर रात्रीची आजारी जनावरे असे काम राज्यभरातील पशुवैद्यक, पर्यवेक्षक आणि परिचरांच्या वाट्याला आले. साथ ओसरते, पण तिने लावलेली जागरणाची सवय मात्र अंगात राहते.

जागरणाने नेमके काय बिघडते, हे 1997 साली ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ऑस्ट्रेलियात मोजले. सलग 17 तास जागा असलेला माणूस हात आणि डोळे यांचा मेळ लागणाऱ्या कामात, रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मागे पडतो. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. म्हणजे सकाळी 6 ला उठलेला आणि रात्री 11 ला मोटारसायकलला किक मारणारा डॉक्टर, दारूचा थेंबही न घेता, ती मर्यादा ओलांडल्यासारखाच असतो. गळीत हंगामात त्याच रस्त्यावर मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. (‘येताना जरा डुलकी लागली होती’ हे तू फोनवर हसत सांगितलेस. मामीने ते ऐकले आणि तेव्हापासून आम्ही दोघेही धास्तावलो आहोत. असे पुन्हा करायचे नाही.)

गोठ्यातला धोकाही कमी नाही. बसलेल्या गाईला शिरेतून कॅल्शियम द्यायचे ते हळूहळू, हृदयाच्या ठोक्यांकडे कान ठेवून. घाईने बाटली सोडली तर हृदय बंद पडू शकते. गुंगीचे औषध झायलाझीन घोड्यापेक्षा गाईला सुमारे दहापट कमी पुरते, तिथे एका दशांश चिन्हाची चूक महागात पडते. ब्रुसेलोसिस या सांसर्गिक गर्भपाताच्या आजारावरची स्ट्रेन 19 लस जिवंत जंतूंची असते. कालवडीला टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर माणसालाच तो आजार होऊ शकतो. वार काढताना हातमोजे विसरणारा डॉक्टर बहुधा ज्ञानात कमी नसतो, झोपेत कमी असतो. गाढ झोपेतून उठल्यावर पहिली 15 ते 30 मिनिटे मेंदू मंद चालतो. म्हणून पोहोचताच औषधाची मात्रा मोठ्याने म्हणावी आणि परिचराला ऐकवून मगच भरावी.

मनाचे नुकसान सावकाश होते. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, निराशा घर करते. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील अभ्यासांत पशुवैद्यकांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा जास्त आढळले आहे. त्यामागे कारणे अनेक आहेत, पण जागरणाने ती सोसायची ताकद कमी होते. म्हणून जेवण टाळणारा, घरी न बोलणारा तरुण डॉक्टर ‘कामात आहे’ म्हणून सोडून देऊ नये. (तुझी आई असेच म्हणत गप्प बसते. तिला रविवारी फोन कर.)

उपाय व्यवस्थेतले हवेत. शेजारच्या दोन-तीन दवाखान्यांनी रात्रीची पाळी वाटून घ्यावी आणि तिचा फलक ग्रामपंचायतीत लावावा, म्हणजे बाकीच्यांना फोन बंद ठेवून निजता येईल. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया आणि लांबची फेरी ठेवू नये. दुपारी वीस-पंचवीस मिनिटांची झोप घ्यावी, त्याहून लांबवू नये. चहातले कॅफीन निम्मे उतरायला पाचेक तास लागतात, तेव्हा संध्याकाळनंतरचा पाहुणचाराचा चहा नम्रपणे नाकारावा.

शेतकऱ्यालाही यात वाटा उचलता येतो, आणि हा उपाय आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो. कॅनडातील गस कोनेफल या पशुपालकाच्या लक्षात आले की गाभण गाईंना मुख्य वैरण रात्री उशिरा दिली तर जास्त गाई दिवसा वितात. पुढे इतरांनाही तसेच आढळले. व्यायला महिना राहिला की कडबा आणि पेंड अंधार पडल्यावर टाकायची, एवढेच त्यात आहे. खर्च काही नाही. लसीकरणाच्या प्रत्येक फेरीत हे सांगावे, प्रत्येक गोठ्यात सांगावे. सगळी वेते दिवसावर येणार नाहीत, पण जेवढी येतील तेवढ्या रात्री डॉक्टरला झोप मिळेल.

पाळीच्या फलकाचे दोन्ही शेजारच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोलून घे आणि काय ठरले ते कळव.

तुझा,
मामा